व्याह्यांची तांब्याची हातोडी

व्याह्यांची हातोडी सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास गेली, आणि ती नापासरावांच्या हातून गेली. हेतू मात्र शंभर टक्के चांगला होता. जगातले बहुतेक सत्यानाश चांगल्या हेतूनेच होतात. वाईट हेतूची माणसं निदान आधी थोडा विचार तरी करतात.

नापासराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. चौतीस वर्षं ते एका कारखान्यात तपासनीस होते. टर्नर लोकांनी घाम गाळून लेथवर, म्हणजे धातू गरगर फिरवून कापायच्या यंत्रावर, तुकडे काढायचे, ते तुकडे यांच्या टेबलावर यायचे, यांनी व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटरचे शतांश दाखवणारं माप, लावायचं, चष्म्याच्या वरून एकदा बघायचं आणि लाल शिक्का उचलायचा. केसाच्या चौथ्या हिश्श्याइतका फरक निघाला तरी नापास. समोरचा कितीही अजिजी करो, हे आपले शाईची डबी बंद करून चहा पीत बसायचे. हे नाव कामगारांनी पाडलं, ते हळूहळू फाटकाबाहेर पडलं, आणि पुढे घरापर्यंत येऊन पोचलं. बायको एरवी ‘अहो’ म्हणते, पण रागावली की तीसुद्धा हेच नाव वापरते.

यातली खरी मेख पुढेच आहे. चौतीस वर्षांत या गृहस्थाने स्वतः एकही तुकडा कापला नव्हता. कापणं हा त्यांचा विभागच नव्हता. जेवणाला नावं ठेवायला आचारी असावं लागत नाही, हे खरं. पण निवृत्त झाल्यावर रिकामपणी त्यांना वाटायला लागलं की एकदा आपणही चूल पेटवून बघावी. म्हणून त्यांनी एक छोटा, टेबलावर मावणारा लेथ घेतला आणि बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली बसवला. दोरी हलवायची की लेथ, यावर घरात तीन दिवस चर्चा झाली. दोरी राहिली.

आता व्याह्यांकडे वळू. मुलीचे सासरे त्याच कारखान्यात टर्नर होते, आणि टर्नर म्हणजे नुसते टर्नर नव्हेत, लोखंडाला हात लावला तर लोखंडाने सावरून बसावं असे. नापासरावांनी उभ्या नोकरीत त्यांचे फक्त सात तुकडे नापास केले. बाकीच्यांचे शेकड्यांनी केले, तेव्हा सात म्हणजे जवळजवळ मानपत्रच. पण व्याह्यांना ते सातही तारखेनिशी पाठ होते. पोरांनी आपसांत लग्न ठरवलं तेव्हा व्याह्यांनी एवढंच विचारलं होतं, “मुलगा पास आहे ना तुमच्या दृष्टीने? नाहीतर आताच सांगा, परत लेथवर चढवतो.”

तर लेथ घेतल्याची बातमी द्यायला नापासराव व्याह्यांकडे गेले. व्याही उठले. आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेली एक हातोडी घेऊन आले. मुठीएवढं तांब्याचं गोल डोकं, हाताच्या घामाने काळा पडलेला लाकडी दांडा.

“लेथवर काम बसवताना लोखंडी हातोडीने ठोकलंत तर कामाला खड्डे पडतील,” ते म्हणाले. “तांबं मऊ असतं. ते स्वतः चेपतं, कामाला दुखवत नाही. चाळीस वर्षं ही माझ्या हातात आहे. घेऊन जा, वापरा. पुढच्या रविवारी मशीन बघायला येणार आहे, तेव्हा परत द्या.”

ही हातोडी व्याह्यांनी आजवर कुणालाही दिली नव्हती. पोटच्या मुलाने भिंतीत खिळा ठोकायला मागितली तर त्याला म्हणाले होते, वरवंटा घे. आणि आज ती त्यांनी कुणाच्या हातात ठेवली? तर ज्या माणसाने त्यांचे सात तुकडे लाल केले त्याच्या. परत येताना बसमध्ये त्यांनी ती मांडीवर धरून ठेवली होती आणि शेजारच्या प्रवाशाला दोनदा सांगितलं की जरा जपून.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण जित्याची खोड. सोमवारी सकाळी त्यांनी सहज, अगदी सहज, हातोडीला व्हर्निअर लावलं. डोकं एका बाजूला जवळजवळ दीड मिलिमीटरने लांबट निघालं. ठोकून ठोकून त्याच्या दोन्ही कडा छत्रीसारख्या पसरल्या होत्या. आता शहाण्या माणसाने व्हर्निअर खिशात घातलं असतं. नापासरावांच्या मनात आलं, एवढ्या मोठ्या मनाने दिलेली वस्तू अशी वाकडीतिकडी परत करायची? एक पापुद्रा काढू, गोल करू, व्याही बघतच राहतील.

त्यांनी दांडा काढला, डोकं चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरलं, दुकानदाराने लेथबरोबर दिलेलं सोनेरी टोकाचं महागडं टूल लावलं आणि मशीन सुरू केलं. तांबं कापलं जाईना. ते टूलच्या टोकाला चिकटलं, तिथेच त्याचा एक गोळा बसला, आणि तो गोळा पुढचं तांबं ओरबाडत निघाला. पृष्ठभाग असा दिसू लागला की जणू मांजराने बोचकारला आहे. हे ओरखडे काढायला नापासरावांनी आणखी एक पापुद्रा घेतला. त्याने नवे ओरखडे पडले. ते काढायला आणखी एक. दरम्यान तांब्याचा लांबच लांब कीस रिबिनीसारखा निघाला, वर गेला, दोरीवरच्या टॉवेलात अडकला, आणि टॉवेल, दोन उशांचे अभ्रे व बायकोचा एक नवा झगा असा लवाजमा गरगरत खाली आला. नापासरावांनी झडप घालून बटण बंद केलं. अभ्रे वाचले. झग्याबद्दल न बोललेलं बरं.

तासाभराने चकमध्ये जे उरलं होतं ते औषधाच्या बाटलीच्या बुचाएवढं होतं, आणि दांड्याचं भोक एका बाजूने उघडं पडलं होतं. मात्र ते गोल होतं. अगदी शतांशापर्यंत गोल.

“झाली का गोल?” बायकोने फाटका झगा हातात धरून विचारलं.

“झाली,” नापासराव म्हणाले. “पण आता ती हातोडी नाही.”

बायको हसली नाही, म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते लक्षात घ्या. ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, “अहो, त्यांना फोन करून सांगून टाका. माणूस चांगला आहे.”

“काय सांगू? चौतीस वर्षं तुमच्या कामात चुका काढल्या आणि स्वतः मशीनला पहिल्यांदा हात लावला तो तुमचीच हातोडी खायला? अगं, पोरगी त्या घरात नांदतेय. मी रविवारच्या आत नवी करतो. हुबेहूब.”

“तुम्ही?” बायको म्हणाली. या एका शब्दात एवढं होतं की नापासराव तडक चपला घालून भंगारवाल्याकडे गेले आणि मनगटाएवढ्या जाडीचा तांब्याचा दांडका घेऊन आले.

मंगळवारी ते हत्यारांच्या दुकानात गेले. दुकानदार हा असा प्राणी होता की त्याला काहीही विचारा, उत्तर त्याच्या पाठीमागच्या फळीवर तयारच असायचं. त्याने एक काळपट डबा काढला. “साहेब, हे कटिंग ऑइल. गंधकवालं. कुठलाही धातू असू दे, लोण्यासारखा कापतो. कारखानेवाले दुसरं नेतच नाहीत.” चौतीस वर्षं कारखान्यात काढूनही हे आपल्याला माहीत नव्हतं, असं दुकानदारासमोर कोण कबूल करणार? नापासरावांनी जाणकारासारखी मान हलवली आणि डबा घेतला.

तेलाने कापणं जरा सुधारलं, हे खरं. पण तेल तापलं तसा त्याचा धूर निघाला, आणि धुराला वास होता सडक्या अंड्यांचा. नापासरावांना त्याचं काही वाटलं नाही, कारण तुकडा गोल होत होता. दिवसभर काम करून तो त्यांनी तेल न पुसता तसाच ठेवला आणि समाधानाने झोपले. बुधवारी सकाळी बघतात तो तांब्याचा तुकडा काळाठिक्कर. चुलीतून काढलेला कोळसा बरा. गंधक पोलादाला मानवतं, तांब्याला नाही. ही गोष्ट डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिली होती, आणि शतांश वाचणाऱ्या माणसाने नेमकी तीच वाचली नव्हती.

ते डोक्याला हात लावून बसले होते तेवढ्यात दार वाजलं. गणवेशातला एक माणूस हातात पाटी-कागद घेऊन उभा होता. खालच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. सगळी इमारत त्यांना बाई म्हणायची आणि त्या सगळ्या इमारतीला विद्यार्थी समजायच्या. त्यांना रात्रभर गॅसचा वास येत होता. त्यांनी पहाटेच गॅस कंपनीला फोन केला होता, आणि हा त्या कंपनीचा तपासनीस होता.

तपासनीस हा शब्द ऐकून नापासरावांना आधी बरंच वाटलं. आपल्यातला माणूस, दोन मिनिटांत समजून घेईल. त्यांनी त्याला बाल्कनीत नेलं, डबा दाखवला, वास दिला. त्याने वास घेतला, दोन पावलं मागे सरकला, आणि कागदावर काहीच लिहिलं नाही.

“गळती नाही,” तो म्हणाला. “पण वास आहे.”

“तेच सांगतोय मी. वास तेलाचा आहे.”

“वासाचं कारण या चारांपैकी लिहावं लागतं. शेगडी, नळी, रेग्युलेटर किंवा टाकी. तेल यात नाही.”

“मग ‘इतर’ लिहा.”

“‘इतर’ वरिष्ठांना लिहिता येतं. मला नाही.”

“अहो, पण तुम्ही स्वतः वास घेतलात ना?”

“घेतला. पण माझ्या नाकाला रकाना नाही.”

नापासरावांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा त्यांनी चौतीस वर्षं आरशात बघितला होता. या माणसापुढे रडून, ओरडून, चहा पाजून काहीही होणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्या माणसाने शांतपणे शेगडीचा कॉक बंद केला, त्याला तार गुंडाळली आणि तारेला एक लाल चिठ्ठी बांधली: वापरास अयोग्य. वरिष्ठ उद्या येऊन वास घेतील, मग बघू. जाता जाता त्याने सही घेतली. नापासरावांना आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या लाल चिठ्ठीवर सही करावी लागली, आणि ती करताना त्यांचं अक्षर फार वाईट आलं.

बायको स्वयंपाकघरात कमरेवर हात ठेवून उभी होती. “नापासराव,” ती म्हणाली. बस्स, एवढंच.

त्या दिवशी दोघांचं जेवण बाईंकडे झालं. ज्यांनी तक्रार केली त्यांच्याच घरी जेवायला बसायचं, म्हणजे घास घशाखाली उतरणं मुश्कील. पण बाई मनाने मोकळ्या होत्या. वास गॅसचा नव्हता हे कळल्यावर त्या खूप हसल्या, त्यांनी आधी वाढलं, मग शिकवलं. त्यांच्याकडे तो क्रम कधी चुकला नाही.

“तेल कशाला हवं?” त्या म्हणाल्या. “निसरडं करायचंय ना? साबणाचं पाणी घ्या. बोटात अडकलेली अंगठी कशाने निघते? साबणाने. हे विज्ञान आहे.”

इमारतीत तोवर बातमी पसरली होती. जिन्यात न्हाव्याने गाठून केसांचं तेल सुचवलं. म्हणाला, थंडही राहील. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी पोट साफ करायचं एक पातळ औषध सुचवलं आणि डोसही सांगितला. तांबं कापायला काय वापरावं यावर मत नसलेला माणूस त्या दिवशी त्या रस्त्यावर सापडला नसता. नापासरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि साबण निवडला, कारण बाईंच्या घरचं अन्न पोटात होतं.

गुरुवारी गॅसचे वरिष्ठ आले, त्यांनी वास घेतला, ‘इतर’ लिहिलं आणि तार सोडली. तोवर गंधकाचा डबा दुकानदाराकडे परत गेला होता. चूल पेटली, घरात शांतता झाली. आणि दुपारी साबणाच्या पाण्याने फेस झाला. चक मिनिटाला हजार फेरे घेत होता, त्याने तो फेस असा काही घुसळला की पाच मिनिटांत बाल्कनीचं रूपांतर मोठ्या धुलाईकेंद्रात झालं. फेस कठड्यावरून उतरला आणि बाईंच्या कुंड्यांवर अलगद बसला. विज्ञान आपल्याच कुंड्यांवर आल्यामुळे बाईंना तक्रार करता येईना. तुकडा एका टोकाला थोडा बरा निघाला, बाकी काळाच राहिला, आणि शुक्रवारी सकाळी लेथच्या चकचकीत पट्ट्यांवर तांबूस गंज चढलेला होता. तांबं काळं, लेथ तांबडा, आणि हातात हातोडी नाही. रविवार दोन दिवसांवर.

शुक्रवारी दुपारी त्यांनी जे केलं त्याला धाडस म्हणायचं की शरणागती, ते ज्याचं त्याने ठरवावं. त्यांनी व्याह्यांनाच फोन लावला.

“व्याही, एक शंका होती,” ते म्हणाले. “समजा, एखाद्या माणसाला लेथवर तांबं कापायचं आहे.”

“कोणाला?”

“आहे एक. ओळखीचा.”

“टूल कुठलं लावतोय तो?”

“सोनेरी टोकाचं.”

“ते पोलादासाठी असतं. त्याची धार मुद्दाम बोथट ठेवतात, पोलाद आपटलं तरी तुटू नये म्हणून. तांबं चिवट असतं. बोथट धार तांब्याला कापत नाही, ढकलते. मग ते टूललाच चिकटतं. त्याला म्हणावं साधं हाय-स्पीड स्टीलचं टूल घे. ग्राइंडरवर वरच्या अंगाला भरपूर उतार दे. आणि मग ऑइलस्टोनवर घासत बस, घासत बस, टोकात स्वतःचा डोळा दिसेपर्यंत. नखावर टेकवलं तर नखाचा पापुद्रा निघाला पाहिजे.”

नापासराव कागदावर भराभर लिहून घेत होते. “आणि तेल कुठलं?”

“तेल नको. दूध.”

नापासरावांची पेन्सिल थांबली. कारखान्यात नव्या माणसाची थट्टा करायची एक जुनी रीत होती. त्याला स्टोअरमध्ये पाठवायचं आणि पाणसळीत, म्हणजे सपाटी बघायच्या बुडबुड्याच्या नळीत, घालायला जादा बुडबुडे मागून आणायला सांगायचं. स्टोअरवाला गंभीरपणे म्हणायचा, मोठे हवेत की लहान? तशीच आपली थट्टा चालली आहे, याबद्दल नापासरावांना शंका उरली नाही.

“दूध म्हणजे... पिण्याचं?”

“पिण्याचं. चांगलं घट्ट, सायीसकट. ब्रशने थोडं थोडं सोडायचं. त्यातला स्निग्धपणा तांब्याला बरोबर मानवतो, आणि डागही पडत नाही. माझ्या उस्तादाने शिकवलं होतं. भोक पाडताना ड्रिल सारखं बाहेर काढा, कीस झाडा, परत दूध लावा, नाहीतर तांबं ड्रिलला असं आवळतं की मोडल्याशिवाय सोडत नाही. आणि काम संपलं की मशीन लगेच धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी त्या वासाने विहीणबाई तुम्हाला घराबाहेर काढतील.”

“मला नाही. ओळखीच्याला.”

“तेच. ओळखीच्याला,” व्याही म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारची संध्याकाळ दुकानातून आणलेलं साधं टूल घासण्यात गेली. उतार किती, तर भरपूर, असं व्याही म्हणाले होते. भरपूर म्हणजे किती अंश? नापासरावांनी कोनमापक लावून तो चार वेळा तपासला, चारही वेळा नापास केला आणि पाचव्यांदा थकून पास केला. मग ऑइलस्टोन. घासता घासता त्यांच्या लक्षात आलं की आपण दीड तास झाला, एकाही माणसाला नाव ठेवलेलं नाही. टोकात त्यांना स्वतःचा डोळा दिसला. नखाचा पापुद्राही निघाला, जरा जास्तच निघाला, पण त्यांना त्या जखमेचा अभिमान वाटला.

शनिवारी सकाळी ते वाटी घेऊन बायकोसमोर उभे राहिले.

“दूध हवंय. पाव लिटर.”

“कुणाला?”

“लेथला.”

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. पाच दिवसांत झगा गेला होता, गॅस गेला होता, परक्या घरी जेवण झालं होतं. तिने पातेल्यातलं दूध वाटीत ओतलं आणि शांतपणे विचारलं, “साखर घालू?”

नापासरावांनी काळा पडलेला तुकडा चकमध्ये धरला, टूल टेकवलं, ब्रशने दूध सोडलं आणि डोळे जवळजवळ मिटूनच चाक फिरवलं. आवाज बदलला होता. करकर नाही, किंचाळणं नाही. रेशमी कापड सावकाश फाडावं तसा सुरेख आवाज येत होता. काळा थर सुटून पडला आणि आतून जे तांबं वर आलं ते बघून त्यांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. गुलाबी, ओलसर, आरशासारखं. त्यात त्यांचा चेहरा दिसत होता, लांबुळका आणि तोंड उघडं असलेला.

“अगं, इकडे ये,” त्यांनी हाक मारली. “लवकर ये. बघ तरी.”

बायको आली. तिने बघितलं आणि ती पदर खोचून तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, “ब्रश इकडे द्या, दूध मी सोडते. तुम्ही चाक फिरवा. सारखं वर बघू नका, मी कुठे पळून जात नाही.” पुढचा तास दोघं बाल्कनीत होते. ती दूध सोडत होती, ते कापत होते, आणि कीस वर जायला लागला की ती काडीने तोडून खाली पाडत होती. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून असं काही केलं नव्हतं. दोन मांजरं कठड्यावर येऊन बसली. खालून बाई विचारत होत्या की झालं का, आणि वरून डॉक्टर विचारत होते की कुठलं औषध लागू पडलं.

भोक पाडताना ड्रिल एकदा आवळलं गेलं, पण नापासरावांनी वेळीच बाहेर काढलं. दुपारी हातोडीचं डोकं टेबलावर होतं. त्यांनी व्हर्निअर उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. व्यास बरोबर, लांबी बरोबर, दोन्ही तोंडं सरळ. भोक मात्र मध्यापासून पंधरा शतांश सरकलेलं.

आता फक्त एक काम उरलं होतं: ते जुनं दिसायला हवं होतं. नापासरावांनी तशी सगळी योजना आखली होती. ठोकून कडा पसरायच्या, थोडी माती, थोडं वापरलेलं तेल, जुना दांडा बसवायचा, की चाळीस वर्षं एका दुपारीत होऊन जातील. त्यांनी डोकं फरशीवर धरलं आणि लोखंडी हातोडी उचलली. हात खाली येईना. आयुष्यात स्वतःच्या हातांनी केलेली ही पहिली गोल वस्तू, आणि तिला आपणच खड्डे पाडायचे? शिवाय खोटं ते खोटंच. त्यांनी डोकं स्वच्छ पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि ठरवलं की उद्या जे व्हायचं ते होऊ दे.

रविवारी व्याही आले. बरोबर मुलगी होती, आणि व्याह्यांच्या खांद्याला एक जड पिशवी होती. चहा झाला, लेथ बघून झाला. व्याह्यांनी चक हाताने फिरवला, पट्ट्यांवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि बोट रुमालाला पुसलं. मुलगी एकदा बाबांकडे आणि एकदा आईकडे बघत होती.

“हातोडी?” व्याही म्हणाले.

नापासरावांनी फडकं समोर ठेवलं. शेजारी ते बूचही ठेवलं. “ही तुमची,” ते बुचाकडे बोट दाखवून म्हणाले. “मी खाल्ली. गोल करायला गेलो. आणि ही मी केलेली. तुमच्या हातोडीची सर तिला नाही, हे मला माहीत आहे. चाळीस वर्षं वापरलेली वस्तू मला परत करता येणार नाही. माफी मागतो. आणि आणखी एक, भोक पंधरा शतांश सरकलंय.”

व्याह्यांनी फडकं सोडलं. नवं डोकं हातात घेतलं, उजेडात धरलं, तळहातावर वजन बघितलं. मग बुचाकडे बघितलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

“व्याही,” ते म्हणाले, “तांब्याची हातोडी कुठे चाळीस वर्षं टिकते का? तिचं कामच मुळी चेपायचं, झिजायचं. दर दोन-तीन वर्षांनी डोकं बदलावं लागतं. दांडा चाळीस वर्षांचा आहे. तुम्ही खाल्लंत ते सोळावं डोकं होतं, आणि तेही संपलेलंच होतं.”

नापासरावांनी बायकोकडे बघितलं. बायकोने फाटक्या झग्याकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं.

“मग तुम्ही नवं का नाही केलं?”

व्याह्यांनी नुसता उजवा हात पुढे केला. बोटं बारीक थरथरत होती. “दोन वर्षं झाली,” ते म्हणाले. “घरात कुणाला सांगितलेलं नाही. या हाताने टूल धरवत नाही. मुलाला हे काम येत नाही. म्हटलं, सोळावं हेच शेवटचं.” त्यांनी नवं डोकं मुठीत घट्ट धरलं तशी थरथर थोडी कमी झाली. “परवा तुमचा फोन आला, आणि कळलं की सतरावं होणार. रात्री झोप लागली नाही मला आनंदाने.”

मुलीने सासऱ्यांचा हात धरला. तिला हे ठाऊक नव्हतं. नापासरावांनी चष्मा काढून पुसला.

“पण ते भोक,” ते शेवटी म्हणाले. “पंधरा शतांश.”

“ते सांगितलंत म्हणून बरं,” व्याही म्हणाले. “नाहीतर मला वाटलं असतं की दुसऱ्या कुणाकडून करून आणलंत.”

त्यांनी जुना दांडा मागितला, नापासरावांकडून नव्या डोक्यात ठोकून बसवून घेतला, आणि हातोडी दोनदा टेबलाच्या कडेवर आपटून बघितली. मग खांद्यावरची पिशवी उघडली आणि तिच्यातून एक, दोन, तीन, अशी झिजलेली, पसरलेली, वाकडी तांब्याची डोकी काढून समोर मांडली.

“हे माझे तीन सोबती. जुने टर्नर. एकाचे डोळे गेलेत, एकाची पाठ, तिसऱ्याच्या घरी लेथ ठेवायला जागा नाही. त्यांना सांगितलं मी, आमचे व्याही तांबं कापायला शिकलेत. तिघंही तुम्हाला चांगलं ओळखतात.”

“नापास केलेत का मी त्यांचे तुकडे?”

“शेकड्यांनी. तिघंही येत्या रविवारी येतील, आपापली व्हर्निअर घेऊन. परवापासून पुसत बसलेत तिघं.”

नापासरावांनी पहिलं डोकं उचललं. ते दोन मिलिमीटर लांबट होतं, एका कडेला तडकलेलं होतं, आणि त्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा खोलगट ठसा होता. त्यांनी ते फिरवून फिरवून बघितलं, आणि मग अशा उत्साहाने पेन्सिल शोधायला उठले की खुर्ची मागे पडली.

“लांबी सांगा,” ते म्हणाले. “तिघांचीही. आणि त्यांना म्हणावं, अगदी कसून तपासा.”